बाळंतिणीचा रक्तदाब कोण मोजणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला बाळंतिणीच्या काळजीवरचा अर्ध्या पानाचा लेख वाचला. डिंक किती, खसखस किती, मेथी तुपात किती वेळ भिजवायची, सगळं बैजवार आलं आहे. लाडू उत्तमच होतील. बाळंतिणीच्या तपासणीबद्दल मात्र एकच ओळ: ‘सव्वा महिन्याने डॉक्टरांना दाखवावे.’

सव्वा महिन्याने! अहो, बाळंतपणानंतर रक्तदाब सर्वांत जास्त चढतो तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसात. गरोदरपणी अंगात साठलेलं पाणी तेव्हा परत रक्तात येतं. साध्या बाळंतपणाची बाई तोवर घरी पोचलेली असते आणि मोजणारं कुणी नसतं. नऊ महिने रक्तदाब नॉर्मल होता, यावरही विसंबता येत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो पहिल्यांदाच चढू शकतो.

मग तिचं डोकं ठणकतं. लेखिकाबाईंचं निदान तयार आहे: वारा लागला, कानाला रुमाल घट्ट बांधा. बांधा की, पण आधी मशीन लावा. तिला पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं स्वस्थ बसू द्या. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला उशीवर, आणि मोजताना बोलणं नाही. बाळाला पाजता पाजता घेतलेला आकडा धरू नका. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० असेल तर रात्र असली तरी दवाखाना. डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर आकडा काहीही येवो, १०८ला फोन करा. हे वाढलं तर झटके येऊ शकतात. कमरेत इंजेक्शन देऊन सिझर झालं असेल तर डोकेदुखीचा आणखी एक प्रकार असतो: बसलं की वाढते, आडवं झालं की उतरते. तीही डॉक्टरांनाच सांगायची.

जागतिक आरोग्य संघटना पहिल्या २४ तासांत, मग ४८ ते ७२ तासांत, मग ७ ते १४ दिवसांत आणि शेवटी सहाव्या आठवड्यात आईला तपासा म्हणते. आशाताईंच्या घरभेटीही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या आहेत. वस्तीत त्या येतात तरी. फ्लॅटमधल्या बाळंतिणीकडे कोण येतं? लेखाने पहिले तीन टप्पे गाळून फक्त शेवटचा ठेवला.

‘खोली बंद ठेवून शेगडीचा शेक द्यावा, पाणी बेताने द्यावे.’ हे नागपुरात, मे महिन्यात, कूलर बंद करून! बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि खाटेवर बाळही असतं. पाणी तोडलं की बद्धकोष्ठता होते, लघवीची जळजळ सुरू होते. घामाने सिझरचे टाके ओले राहतात, ते वेगळंच.

लोहाच्या गोळ्या दुधाबरोबर घ्या म्हणे. दूध, चहा, कॅल्शियम यांच्यासोबत लोह नीट अंगी लागत नाही; दोन तासांचं अंतर ठेवा आणि १८० दिवस घ्या.

‘बाळंतिणीने रडू नये, दूध आटते.’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक जणींना रडू येतं आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. तिला धाक नको, रात्री सलग चार-पाच तास झोप हवी. दुपटी बदलणं, ढेकर काढणं दुसऱ्यांनी करावं. दोन आठवडे उलटूनही मन सावरत नसेल तर ते नैराश्य असू शकतं. ते ओळखायच्या एडिनबर्ग प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे आणि घरच्यांनी तोच टाळायचा नसतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लेखात सहज मावला असता. झोपच येत नाही, भलतंच बोलते, बाळाबद्दल विचित्र शंका घेते, असं असेल तर ‘बाहेरचं’ बघत बसू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

जाता जाता आणखी एक. स्तनपानाच्या परिच्छेदाशेजारी दुधाच्या बाटलीचं चित्र कुणी निवडलं? बाळाच्या डब्याच्या दुधाच्या आणि दूध पाजायच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे. तुमची जाहिरात नव्हती, मान्य. पण पुढच्या वेळी त्या जागेवर रक्तदाबाच्या मशीनचं चित्र छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, धरमपेठ, नागपूर