टाकी नेण्याआधी

ठाणे, ९ नोव्हेंबर

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे. सायलीलाही वाचायला दे, त्या दिवशी तिचेही हात लागणार आहेत. आपली समुद्री माशांची टाकी पुण्याला न्यायचं तुम्ही ठरवलंत याचा मला मनापासून आनंद झाला. बारावीनंतर तू हट्टाने आणलीस, मग शिकायला बाहेर गेलास आणि ती माझ्या हाती आली. आता ती तुझ्या घरी जाते आहे, तर वाटेत एकही जीव दगावू नये, एवढंच माझं मागणं आहे.

इथला एक दुकानदार म्हणाला, मासे मला देऊन टाका, पुण्यात नवे घ्या, कशाला त्रास. मला ते मुळीच पटलं नाही. नीट सांभाळला तर आपल्या जोडीसारखा क्लाउनफिश पंधरा-वीस वर्षं जगतो. शिवाय कुठलेही दोन एकत्र टाकले की जोडी होते असं नाही. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात, आणि दोघांतला जो वरचढ होतो त्याची मादी होते. आपली मोठी ती मादी. संध्याकाळी धाकटा तिच्यासमोर अंग तिरकं करून थरथरतो, तेव्हा तो तिचं मोठेपण मान्य करत असतो. हे जमून आलेलं आहे, ते मोडायचं नाही.

ती मातीची आडवी कुंडी विसरू नकोस. अंडी तिथेच घालतात. आधी नारिंगी ठिपके दिसतात, मग ते काळपट होतात, आणि शेवटी प्रत्येक ठिपक्यात दोन चंदेरी डोळे चमकायला लागतात. धाकटा दिवसभर परांनी त्यांना वारा घालतो, मेलेलं अंडं तोंडाने उचलून काढतो. माझा हात जवळ गेला तर मोठी सरळ चावायला येते. साताठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी, दिवे मालवल्यावर पिल्लं बाहेर पडतात. तुम्ही निघायच्या दिवशी कुंडीवर अंडी असली तर आठवडाभर थांबा. फ्लॅट कुठे पळून जात नाही.

आता मुख्य गोष्ट. तुला वाटतं आपण मासे आणि पाणी हलवतो आहोत. खरं हलवायचे आहेत ते दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती केलेले जिवाणू. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. इतक्या वर्षांत ही साखळी बसली आहे म्हणून आपलं पाणी निवळ आहे. ती तुटली तर टाकी कितीही चकाचक दिसली तरी आत मासे गुदमरतील.

म्हणून दगड घासायचे नाहीत, नळाखाली तर धरायचेच नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंचा जीव घेतं. टाकीच्याच पाण्यात झाकणाच्या बादल्यांतून न्या. दगडांवर आलेला तो जांभळट-गुलाबी थर मळ नाही, शेवाळाचीच एक जात आहे, ती वाळू देऊ नकोस. फिल्टरचा स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा बंद डब्यात कोंबू नकोस. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, बंद फिल्टरमध्ये काही तासांत ते मरून सडायला लागतात. उघड्या टबात, टाकीच्या पाण्यात बुडवून, बॅटरीवरचा एअरपंप लावून न्या. फिल्टर धुवायचा मोह आधीच्या आठवड्यातही नको.

वाळूचं मात्र उलट आहे. ती जुनी आहे, तळाशी वर्षानुवर्षांची घाण दबून बसली आहे, आणि प्राणवायू पोचत नाही तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. ढवळलीस की सडक्या अंड्यांचा वास येईल, तोच तो. अशी ढवळलेली वाळू माशांच्या अंगावर परत घालणं धोक्याचं. नवी वाळू विकत घे, चांगली धू, आणि जुन्या वाळूच्या वरच्या थरातले दोन-तीन मूठ पांढरे स्वच्छ कण विरजणासारखे त्यात मिसळ. बाकीची टाकून द्यायची.

पाण्याची तयारी पुण्यात आदल्या दिवशी झालेली हवी. टाकी ४८ इंच लांब, १८ रुंद, १८ उंच. दगड-वाळू सोडून पाणी साधारण २१० लिटर मावतं. निम्मं इथलं न्या, २० लिटरच्या जारमधून. जार नवे किंवा फक्त पिण्याच्या पाण्याचे, साबण लागलेला एकही नको. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, पण माशांच्या अंगवळणी पडलेलं पाणी म्हणून ते मोलाचं. उरलेलं निम्मं तू तिकडे तयार करायचंस. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम सागरी मीठ, पंप आणि हीटर लावून रात्रभर फिरू दे. सकाळी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ यायला हवं. ताजं मिसळलेलं पाणी लगेच ओतायचं नाही.

आणि हे मीठ कुठल्या पाण्यात घालणार? तुमच्या सोसायटीत टँकर येतो म्हणालास. बोअरचं पाणी असणार, जड. स्वयंपाकघरातल्या आरओवर भरवसा ठेवू नकोस, कारण चव यावी म्हणून बरीचशी यंत्रं थोडं मूळ पाणी परत त्यात मिसळतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घाल आणि बघ. पिण्याला तो आकडा चांगला असेल, टाकीला शून्याच्या जवळचा लागतो. नसेल येत तर उरलेले क्षार काढणारं डीआयचं भांडं जोडून घे, नाहीतर मत्स्यालयाच्या दुकानातून तसं पाणी आण.

टाकी कुठे ठेवणार ते मला कळव. सायली खिडकीपाशी म्हणत होती. तिथे दुपारचं ऊन येत असेल तर शेवाळ माजेल. वजनाचंही बघ. समुद्राचं पाणी लिटरला १.०२५ किलो भरतं. काच, दगड, वाळू धरून आकडा सव्वातीनशे किलोच्या आसपास जातो, स्टँड वेगळा. राहत्या खोलीच्या स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो आणि आपल्या टाकीचा तळ अर्ध्या चौरस मीटरहून थोडाच मोठा. म्हणून बाल्कनीत नको, खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे ठेवा, आणि सोसायटीच्या इंजिनिअरला एकदा विचारा. लेव्हल बाटली लावून बघ, खाली फोमची शीट घाल. प्लगकडे जाणाऱ्या वायरीला खाली झोळ दे, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता जमिनीवर ठिबकेल.

सामान नेणारे म्हणतील, थोडं पाणी असू द्या, काही होत नाही. ऐकू नकोस. टाकी पूर्ण रिकामी, वाळूचा कणही नको, सपाट प्लायवर ठेवून चौघांनी उचलायची. कडा धरून उचलली की सिलिकॉनच्या जोडावर ताण येतो, आणि तो जोड सुटल्याचं कळतं ते टाकी भरल्यावर.

आता तो दिवस. दोन दिवस आधी खाणं बंद, म्हणजे पिशवीत घाण कमी होईल. पहाटे पाचला निघा, द्रुतगती मार्ग मोकळा असतो आणि घाट उन्हाआधी पार होतो. आधी पाणी जारमध्ये, मग दगड, आणि मासे सगळ्यांत शेवटी. दगड बाहेर आल्याशिवाय मासे पकडायला जाऊ नकोस, नुसते पळवून दमवशील. जोडीतल्या दोघांना वेगवेगळ्या पिशव्या, ब्लेनी माशाला वेगळी, क्लीनर कोळंबीला वेगळी. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. शंखात राहणारे हर्मिट क्रॅब मासळीबरोबर नकोत. सगळ्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, झाकण बंद. अंधारात मासे शांत राहतात. खोकी तुमच्या गाडीत, सायलीच्या पायाशी. टेम्पोत नाही.

पोचल्यावरची एक गोष्ट नीट ध्यानात घे. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो, आणि त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून टाकी तयार होईस्तोवर पिशव्या उघडायच्या नाहीत. आधी वाळू, दगड, कुंडी, पाणी, फिल्टर, हीटर. पाणी २५-२६ अंशांवर आलं, खारटपणा जुळला, की पिशव्या बंदच ठेवून पाण्यावर तरंगू दे, तापमान सारखं होऊ दे. मग मासे जाळीने उचलून सोड, पिशवीतलं पाणी आत नको. कोळंबीला मात्र खारटपणातला बारीकसा फरकही सोसत नाही. तिला वेगळ्या भांड्यात घेऊन नळीने थेंब थेंब पाणी दे, तासभर तरी.

पहिला दिवस दिवे बंद. दुसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं. दोन आठवडे रोज अमोनिया तपास, शून्याच्या वर काही दिसलं तर तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने पाव टाकी बदल.

पुण्याची हवा वेगळी, हेही लक्षात ठेव. इथे मला उन्हाळ्यात पंखा लावून पाणी गार ठेवावं लागतं, तिथे डिसेंबरच्या रात्री हीटरवर मदार. एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घे, एक बिघडला तर दुसरा सांभाळेल. उन्हाळा तिकडे कोरडा, पाणी भराभर उडेल. मीठ उडत नाही, पाणीच उडतं, म्हणून भर घालायची ती नेहमी बिनमिठाच्या पाण्याची.

आणखी एक. तिथे कोणी छुपेपणे जिवंत प्रवाळ दाखवलं तर घ्यायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, १९७२ च्या, पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ २००१ पासून आहे. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात इथे ते वाढतं, तिथेच राहू दे. मासा घ्यावासा वाटला तर पैदास केलेलाच माग. तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास केव्हाच साधली आहे, त्यासाठी समुद्र ओरबाडायची गरज नाही.

बाबा टेम्पोवाल्याशी बोलले आहेत, तो रविवार किंवा पुढचा बुधवार म्हणतो. रविवारी तुमच्या सोसायटीत सामान चढवू देतात का ते उद्याच विचार. मीठ आणि वाळू हाती आल्यावरच तारीख पक्की करू. आदल्या संध्याकाळी पाण्याचा आकडा मला फोनवर सांग, तोवर मी इकडे एकही मासा पकडणार नाही.

तुझी,
आई

ता. क. बॅटरीवरचे एअरपंप दोन घे, आणि सेल जास्तीचे. लाइट गेली की तुला तिथेही तेच लागतील.