बाबांच्या वाट्याची मॅकरोनी

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू विचारलंस, "चिऊ आली की ते पिवळं काय ते मागेल, कसं करायचं सांग." मी सांगायला लागलो तोच कुकरची शिट्टी झाली, मग दारात कोणी आलं, मग फोन बाबांनी घेतला. म्हणून त्या पिवळ्या पदार्थाची, म्हणजे चीज घातलेल्या मॅकरोनीची, कृती लिहूनच पाठवतोय. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि तू ऐकावंस, अशा बेताने लिहिलंय. कृती तुझ्यासाठी आहे, कारणं त्यांच्यासाठी.

आधी बाबांचं. तू म्हणालीस, "यांना दूध चालत नाही, यांच्यासाठी वेगळी खिचडी लावीन." ते नको. नात आजोबांसमोर बसून एक खाणार आणि आजोबा भलतंच काही गिळणार, हे मला पटत नाही. शिवाय त्याची गरजही नाही. बाबा, डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितल्यापासून आईने दुधाचं म्हणून जे जे असेल ते तुमच्या ताटातून हद्दपार केलंय. दही तेवढं राहिलं, कारण ते सोसतं हे तुम्ही स्वतः पाहिलंत. तुम्हाला त्रास होतो तो दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लहानपणी आतड्यात भरपूर असतं आणि बहुतेक माणसांत वयाबरोबर कमी होतं. जगातले बहुसंख्य मोठे लोक तुमच्याच पंगतीत बसतात, तेव्हा आपल्यालाच काही झालंय असं समजू नका.

आता हिशेब बघा. कपभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. चीज करताना विरजून घट्ट झालेलं दूध कापतात आणि निवळी काढून टाकतात. बरंचसं लॅक्टोज त्या निवळीबरोबरच जातं. जे उरतं ते चीज मुरत पडलेलं असताना जिवाणू संपवतात. त्यामुळे वर्षभर मुरलेल्या चेडर जातीच्या चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसतंच. आपल्याकडच्या डबाबंद, प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये कधी दुधाची भुकटी असते, म्हणून वेष्टनावरचे घटक चष्मा लावून वाचा. तरीही पेलाभर दुधाच्या मानाने ते फारच थोडं. (दुधाची ॲलर्जी ही निराळी गोष्ट. चिऊच्या वर्गातल्या एका मुलाला ती आहे. त्याला दुधातलं प्रथिनच चालत नाही, म्हणजे चीजचा कणही नाही. तुमचं तसं नाही.) डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, पण मला वाटतं ते मान डोलावतील.

आता आई, चिऊची नेहमीची, दुधातली मॅकरोनी. चौघांना पाव किलो मॅकरोनी पुरते. पाकिटावर जेवढा वेळ लिहिलेला असेल त्याच्या दोन मिनिटं आधीच ती उतरव, कारण सॉसमध्ये ती आणखी शिजते आणि रस पिते. पाण्यात मीठ बेताचंच, चीज आधीच खारट असतं. निथळताना वाटीभर पाणी बाजूला काढून ठेव. ते फेकू नकोस, पुढे लागतं.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे लोणी मंद आचेवर वितळव, त्यात तेवढाच मैदा घाल आणि दोनेक मिनिटं परत. कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये. मग तीन कप दूध थोडं थोडं करून घाल आणि हात थांबवू नकोस. पिठल्यात गुठळी होऊ न देण्याचा तुझा हात इथे कामी येतो, तेव्हा मला काळजी नाही. सुनेला व्हिस्क लागतो, तुला पळीही पुरेल. सॉस रटरटू लागला की आणखी चार-पाच मिनिटं. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढ. रेघ तशीच राहिली की झालं.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. गॅस बंद कर. मिनिटभर थांब. मग २०० ग्रॅम किसलेलं चीज मूठमूठ घालत ढवळ, एक मूठ विरघळल्यावरच दुसरी. त्यात पाव चमचा मोहरीची पूड, मिरपूड, किंचित जायफळ. जायफळ किंचित म्हणजे खरोखर किंचित, आपण श्रीखंड करत नाही आहोत. मोहरीची चव कळत नाही, पण ती नसली तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. शेवटी मॅकरोनी घाल. पातेल्यात सॉस पातळ वाटला तर वाटू दे, ताटात येईपर्यंत आळतो. उरली तर दुसऱ्या दिवशी दुधाचा किंवा पाण्याचा हबका मारून मंद आचेवर गरम कर.

बाबा, तुम्ही विचारालच की गॅस का बंद करायचा. चीज म्हणजे केसीन या प्रथिनाचं जाळं. ते कॅल्शियमने बांधलेलं असतं आणि त्यात स्निग्धांश अडकलेला असतो. जास्त तापवलं की प्रथिनं आकसतात, तूप बाहेर फेकलं जातं, आणि पातेल्यात खाली रवाळ गोळे नि वर तेलाचा तवंग दिसतो. मैद्यातला स्टार्च मध्ये येऊन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून तर पांढरा सॉस आधी करायचा. चीज जितकं जुनं आणि कोरडं, तितकं ते असं पटकन फुटतं. म्हणजे चवीला जे उत्तम तेच वितळायला हट्टी. इथे अमेरिकेतले लोक त्यावर तोड म्हणून तीव्र चवीचं जुनं चेडर आणि सहज वितळणारं कोवळं चीज असं निम्मंनिम्मं घेतात. विकत मिळणारं किसलेलं चीज घेऊ नका. किसाचे तुकडे चिकटू नयेत म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज चोळलेलं असतं, ते सॉसमध्ये पिठूळ लागतं. आणि पनीरचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या, ते कितीही तापवलं तरी वितळत नाही.

मी राहतो ते विस्कॉन्सिन राज्य अमेरिकेत सगळ्यात जास्त चीज बनवतं, आणि मॅडिसनमध्ये शनिवारच्या बाजारात चीजवाल्यांशी बोलत माझा तासभर सहज जातो. या मंडळींसमोर म्हणायची सोय नाही, पण तुम्हाला सांगतो. या एका पदार्थासाठी सांगलीतल्या कुठल्याही दुकानात मिळणारं अमूलचं चीज चेडरपेक्षा सोपं पडतं. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात. ते केसीनला बांधून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतात, मग प्रथिनं सुटी होऊन पाण्यात आणि स्निग्धांशात छान मिसळून राहतात. असं चीज फुटता फुटत नाही. चवीत खोली कमी, हे मान्य. ती मोहरी आणि मिरपूड थोडी भरून काढतात.

आता बाबांच्या वाट्याची, आणि माझ्या मते चिऊसाठीही तीच करायला हरकत नाही. वर सांगितलेल्या क्षारांमुळेच यात दुधाची गरज उरत नाही. मॅकरोनी नेहमीपेक्षा कमी पाण्यात, साधारण लिटरभरात शिजव म्हणजे पाणी चांगलं पिठाळ होतं. त्यातलं कपभर पाणी आणि चमचाभर लोणी पातेल्यात गरम कर, आच अगदी बारीक ठेव, आणि किसलेलं अमूलचं चीज मूठमूठ घालत ढवळत राहा. दोन-चार मिनिटांत गुळगुळीत सॉस तयार होतो. मैदा नाही, दूध नाही. दुधातल्या सॉसपेक्षा हा चीजच्या चवीला जास्त धरून असतो. मला स्वतःला हाच आवडतो.

लॅक्टोज काढलेलं दूधही हल्ली मिळतं, अमूलचंही आहे. त्यात ते विकर आधीच मिसळून लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं, म्हणून ते जरा गोड लागतं. बाबांच्या चहाला झकास, खारट सॉसमध्ये ती गोडी थोडी जाणवते. ओटचं दूध चालतं, त्यातला स्टार्च सॉस दाट करतो, फक्त साखर न घातलेलं बघून घ्या. नारळाचं दूध घालायचा तुला मोह होईल, आई. घालू नकोस. सगळ्याला त्याचाच वास येतो आणि चीज बिचारं कुठल्या कुठे जातं.

ज्या दिवशी चीजही नको असेल त्या दिवशी काजूची कर. १०० ग्रॅम काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजत घाल. तुकडा काजू घे, अख्खे कशाला. एक मध्यम बटाटा आणि अर्धं गाजर मऊ उकडून घे. मिक्सरमध्ये आधी काजू, लसणाची एक पाकळी, मोहरीची पूड, मीठ, दोन चमचे लिंबाचा रस आणि दीड कप पाणी घालून अगदी गंधासारखं वाट. गाजर-बटाटा शेवटी घालून जेमतेम फिरव, कारण बटाटा जास्त फिरला की चिकट होतो. मग पातेल्यात घालून सतत ढवळत गरम कर. काजूत इतर सुक्या मेव्यापेक्षा स्टार्च बराच असतो, त्यामुळे मैद्याशिवायच सॉस दाटतो. गाजराने रंग येतो, वर चिमूटभर हळद. सांगलीत राहून हळद कुठली घ्यावी हे मी सांगणं म्हणजे शहाणपणाच. चव चीजसारखी हुबेहूब होत नाही, तसा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. पण मलईदारपणात ती कुठे कमी पडत नाही. इथे त्यात न्यूट्रिशनल यीस्ट म्हणून पिवळे पापुद्रे घालतात, निर्जीव केलेलं यीस्ट असतं ते, त्याने मुरलेल्या चीजची खमंग चव थोडी येते. एक डबा पाठवतोय. तो येईपर्यंत घरातलं पावाचं यीस्ट मात्र घालू नकोस, ते जिवंत असतं आणि लागतंही वाईट.

बाबा, तुम्ही इथे आला होतात तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या सणाला शेजारच्या आजींनी भट्टीत भाजलेली मॅकरोनी आणली होती आणि तुम्ही म्हणालात, "साहेबाचं खाणं." त्या आजी कृष्णवर्णीय, आणि त्यांच्या घरात सणाच्या दिवशी हा पदार्थ कोणी करायचा हे ठरलेलं असतं, कुणा नवख्याच्या हाती देत नाहीत. त्यामागे मोठी गोष्ट आहे. इंग्लंडात एलिझाबेथ रॅफल्डच्या १७६९ च्या पाकपुस्तकात पांढऱ्या सॉसमधली, वर पार्मेझान हे इटालियन चीज घातलेली मॅकरोनी सापडते. अमेरिकेत मात्र लोक सगळं श्रेय थॉमस जेफरसनला देऊन मोकळे होतात. जेफरसन १७८४ मध्ये पॅरिसला गेला तेव्हा त्याने जेम्स हेमिंग्ज या आपल्या गुलामाला फ्रेंच स्वयंपाक शिकायला सोबत नेलं. हेमिंग्ज तिथे कसलेला आचारी झाला. परत आल्यावर त्याला स्वातंत्र्य मिळालं ते १७९६ मध्ये, तेही आपल्या जागी धाकट्या भावाला तयार करून दिल्यावर. जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०२ मध्ये त्याच्या टेबलावर मॅकरोनीचा 'पाय', म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला प्रकार, आला. मॅनेसी कटलर नावाच्या पाहुण्याला तो कांद्याचाच वाटला आणि आवडलाही नाही, तशी त्याची नोंद आहे. १८२४ मध्ये व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फने मॅकरोनी, चीज आणि लोण्याचे थर लावून भाजायची कृती छापली. पण त्या घरांच्या चुलीपुढे प्रत्यक्ष उभं कोण होतं, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा साहेबाचं खाणं म्हणायचंच असेल तर साहेबाला कोणी करून घातलं तेही म्हणा.

चिऊला आवडतो तो निळ्या खोक्यातला प्रकार पुष्कळ नंतरचा. शिकागोच्या जेम्स क्राफ्टने १९१६ मध्ये प्रक्रिया केलेल्या चीजचं पेटंट घेतलं. १९३७ मध्ये, मंदी अजून सरली नव्हती तेव्हा, त्याच्या कंपनीने १९ सेंटला चौघांचं जेवण म्हणून मॅकरोनी आणि चीजपूड एका खोक्यात घालून विकायला काढली. दुसऱ्या महायुद्धात रेशनच्या एका कुपनावर दोन खोकी मिळायची, मग काय, घराघरांत ती पोचली. त्याचा तो भडक पिवळा रंग बरीच वर्षं कृत्रिम होता. २०१६ पासून तिथे पाप्रिका, शेंद्री आणि हळद घालतात. म्हणजे चिऊ रंगाला भुलते ती अखेर हळदीलाच.

आई, तू मागे विचारलं होतंस की चीजमध्ये जनावराचं काही असतं का. असतं कधी कधी. दूध घट्ट व्हायला जे रेनेट लागतं ते पारंपरिक पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं असतं, म्हणून ते आमच्याकडे तुझ्या ताटात वाढलं नव्हतं. अमूल सूक्ष्मजीवांपासूनचं वापरतं, आणि पाकिटावर हिरवा ठिपका बघितला की झालं.

भट्टी नसल्याचं मनाला लावून घेऊ नकोस, चिऊला भाजलेली आवडतच नाही. ती मटार घातले की वेचून बाजूला ठेवते, तेव्हा मटार बाबांच्या ताटात वरून घाल. पहिल्यांदा करशील तेव्हा बिनदुधाची, पिठाळ पाण्यातली कर आणि बाबांना थोडीच वाढ. रात्री नको, दुपारी. सोसली की मला कळवा. त्यावर बॅगेत मुरलेलं चेडर भरायचं की नाही ते ठरवतो. यादीत आणखी काय हवं ते आठवड्याभरात सांगा, ऐन वेळी फोनवर नको.

तुमचा,
बाळ्या