मुलांना घेऊन व्हिएतनामला निघताना

पहूर, ता. जामनेर

चि. सौ. मनीषा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिएतनाम-कंबोडियाचा कार्यक्रम मी आणि तुझ्या आईने सावकाश वाचला. हॉटेले चांगली आहेत, विमानांच्या वेळाही सोयीच्या आहेत. परंतु सकाळी नाश्ता करून बसमध्ये बसायचे आणि रात्री दुसऱ्याच गावी उतरायचे असा बेत असेल, तर ओवी आणि अथर्वला तिथले एखादे मूल भेटणार कधी? गाइड, वेटर आणि दुकानदार यांच्याखेरीज त्या देशातले कोणी भेटलेच नाही, अशी सहल माझ्या मते फार महाग पडते. म्हणून दा नांगचा मुक्काम गाळावा आणि ते दिवस हनोई व माई चाऊ या दोन ठिकाणी घालवावेत, असे मला वाटते. प्रशांतरावांना दा नांगजवळचा तो सोनेरी पूल पाहायचा आहे हे ठाऊक आहे. त्यांची समजूत तू काढ.

हनोईत होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते २०१६ पासून शुक्रवारी संध्याकाळी वाहनांना बंद होतात ते रविवारी रात्रीपर्यंत, आणि शहरातली कुटुंबे पोराबाळांसह तिथे फिरायला येतात. एक संध्याकाळ तिथे पूर्ण मोकळी ठेवा. इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून तिथले विद्यार्थी पर्यटकांशी आपणहून बोलायला येतात. त्यांना घाईने वाटेला लावू नका. बॅडमिंटनसारखे फूल पायाने उडवत ठेवण्याचा खेळ रंगलेला दिसला, तर अथर्वला कडेला उभा राहू दे. बोलावले की तो जाईलच. ओवीने सागरगोटे बरोबर घ्यावेत, कारण तिकडच्या मुली दहा काड्या आणि एक चेंडू घेऊन जवळजवळ असाच झेलण्या-उचलण्याचा खेळ खेळत आल्या आहेत. पहिल्याच भेटीत कोणी वय विचारले तर तुम्ही मोठ्यांनीही राग मानू नये. समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय त्याला काय म्हणून हाक मारायची, हे तिथे ठरत नाही.

माई चाऊ हे हनोईच्या नैर्ऋत्येला भातशेतीचे खोरे आहे. तिथे थाई नावाच्या तिथल्याच एका समाजाची लाकडी खांबांवर उभी घरे असून, अनेक कुटुंबे पाहुण्यांना आपल्याच घरात उतरवतात. जमिनीवर गाद्या, वर मच्छरदाणी आणि खाली अंगणात घरच्या माणसांची कामे चाललेली, असा तो मुक्काम असतो. वर चढण्यापूर्वी चपला खाली काढायच्या, हे आपल्या मुलांना शिकवावे लागणार नाही. जेवणाचे मात्र आधीच बोलून ठेवा, कारण भाजीतही मासळीचे पाणी घालण्याची तिकडे रीत आहे. ‘आन चाय’ म्हटले की शाकाहारी जेवण हवे हे समजते. चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक स्वतःच तसे जेवतात. यजमानांसाठी सावद्याचे केळीचे वेफर्स न्या आणि आपल्या केळीच्या बागेतला मुलांचा एखादा फोटोही. केळी त्यांच्याकडेही पिकते, त्यामुळे बोलायला विषय मिळेल.

मी जळगाव-औरंगाबाद गाडीवर वाहक असताना अजिंठ्याला जाणारे परदेशी प्रवासी पुष्कळ पाहिले. एकदा एक बाई दोन मुलांना घेऊन चढली. शेजारी बसलेल्या आपल्याकडच्या म्हातारीने पेरू फोडला, पुडीतले मीठ लावले आणि ‘खाय रे पोऱ्या’ म्हणत धाकट्याच्या हातात दिला. त्याने आईकडे पाहिले, तिने मान हलवली, आणि फर्दापूर येईपर्यंत ती दोघे पेरू खात होती. याच्या उलट प्रकार फाट्यावर पाहिला. शाळेच्या सहलीतल्या मुलांनी एका सोनेरी केसांच्या चिमुरडीभोवती गराडा घातला, कोणी गाल ओढले, कोणी मोबाइल पुढे केला. ती बापाच्या पायामागे तोंड लपवून उभी राहिली आणि गुरुजी हसत होते. परक्याच्या मुलाचा फोटो त्याच्या आईबापांना विचारल्याशिवाय काढू नये, एवढे अथर्वला निक्षून सांग, कारण फोन त्याच्याच हातात असतो.

कंबोडियात आणखी जपावे लागेल. अंगकोरच्या देवळांपाशी लहान मुले पोस्टकार्डे विकायला येतात. कित्येक शाळा तिथे दोन पाळ्यांत भरतात, म्हणून समोर आलेले प्रत्येक मूल शाळा बुडवूनच आले आहे असे समजू नये. तरीही त्याच्याकडून काही घेऊ नका आणि पैसेही देऊ नका, कारण ज्याची कमाई होते त्या मुलाला घरचे उद्या पुन्हा तिथेच उभे करतात. वस्तू घ्यायची तर मोठ्या माणसाकडून घ्या. कोणी अनाथाश्रम दाखवायला नेतो म्हणाले, तर स्पष्ट नकार द्या. तिथल्या आश्रमांतील अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे पाहणीत दिसून आले आहे, आणि पाहुण्यांच्या देणग्यांवर हे आश्रम वाढत गेले. त्याऐवजी अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात ‘फारे’ सर्कस पाहा. निर्वासित छावणीतून परतलेल्या तरुणांनी १९९४ साली बट्टमबाँग शहरात सुरू केलेल्या संस्थेत शिकलेले कलाकार तिथे काम करतात. तिकिटाचे पैसे त्यांच्या कामाचे असतात.

कार्यक्रमात बदल करायचा असेल तर विमानाची तिकिटे काढण्यापूर्वीच सहलीच्या कंपनीशी बोल. वेफर्स फार आधी घेतले तर मऊ पडतात, म्हणून निघण्याची तारीख पक्की झाली की कळव.

तुझे,
नाना