मुलाचा सीआर मागतोस?

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. मुक्ताचं जमतंय हे वाचून हिनं लगेच देवापुढे साखर ठेवली. मुलगा कॅप्टन, घरचे लोक साधे, पत्रिका तू बघत नाहीस, म्हणजे सगळं ठीकच. पण तुझ्या शेवटच्या ओळीनं मला हसू आलं. 'तुझ्या ओळखीनं मुलाचा आतला रिपोर्ट काढता आला तर बघ.' अरे, तू चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलीस, म्हणून तुला वाटतं की सीआर, म्हणजे तो गोपनीय अहवाल, ही हेडक्लार्कच्या कपाटातली फाइल, चहा पाजला की आपोआप बाहेर येते. आमच्याकडे ती तशी येत नाही. आणि आली असती तरी मी तुला पाठवली नसती. का, ते सांगतो, पण जरा वळसा घेऊन. आधी तुझा दुसरा प्रश्न घेतो, तो सोपा आहे: 'त्या लोकांत वागायचं कसं?'

त्या लोकांत म्हणजे आमच्यातच की रे! वाईच्या घाटावर चड्डीत पोहणारा मी, मला जमलं ते तुला जमणार नाही होय?

पहिली गोष्ट वेळ. साडेसातचं बोलावणं असेल तर सात पंचवीसला दारात. सातला नाही आणि पावणेआठला तर मुळीच नाही. आत गेल्यावर आधी बायकांना नमस्कार, मग साहेबांना. मेसमध्ये कामाच्या गप्पा नकोत. मुख्य पाहुणे उठेपर्यंत कुणी घरी जायचं नाही, मग तुझी शेवटची एसटी चुकली तरी. एवढ्यावर तुझं काम भागेल. बाकीचं जावई सांभाळेल, त्याचा त्याला पगार मिळतो.

मी हे कसं शिकलो ते मात्र तुला कधी नीट सांगितलं नाही. १९७८ साली देहरादूनहून पास होऊन काळी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन पलटणीत पोचलो. राजस्थानातली छावणी, डोक्यावर ऊन. मेसमध्ये सीओंनी, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरनी, स्वतः स्वागत केलं. अंगावर कडक इस्त्री, खांद्यावर पदाची चिन्हं, भरघोस मिशा. 'गाव कुठलं?' अस्सल मराठीत विचारलं. म्हटलं, वाई. 'मग हातानं जेव की, लाजतोस काय!' मला भरून आलं. जेवताना एका वेटरनं माझ्या पँटवर सूप सांडलं आणि वर मलाच म्हणाला, 'साब, जरा नीट बसा.' मी मुकाट्यानं नीट बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. चहाचा मग घेऊन कालचे सीओ उभे! 'साब, चाय.' ते होते मेस हवालदार. सूप सांडणारा वेटर हा आमचा सीनियर कॅप्टन, आणि कोपऱ्यात बसून माझ्या ट्रंकेवरचं नाव रंगवणारा म्हातारा पेंटर म्हणजे खरे सीओ. नव्या पोराचं असं स्वागत करायची आपल्याकडच्या पलटणींत जुनी रीत आहे. बघायचं एकच असतं, पोरगा चिडतो की सावरतो. त्या दिवशी माझा पहिला सीआर लिहिला गेला असं मी धरून चालतो. फक्त तो कागदावर नव्हता.

मग डिनर नाइट. लांबलचक टेबल, मधोमध पलटणीची चांदी, बँड वाजतोय, सगळे मेस किटमध्ये, कमरेला कमरबंद. वाढायला सुरुवात होते ती वरून. सर्वांत कनिष्ठ सेकंड लेफ्टनंट, म्हणजे मी, सगळ्यात शेवटी. आणि रीत अशी की सीओंनी काटा-सुरी मिटवून ठेवली की मेस हवालदार खूण करतो आणि सगळ्यांच्या प्लेटा एकदम उचलल्या जातात. आमच्या सीओंना होता अल्सर. त्यांचं जेवण चार घासांचं. माझ्या प्लेटमध्ये कोंबडी येऊन टेकायची, मी सुरी लावायचो, की मागून पांढरा हातमोजा यायचा आणि कोंबडी अंतर्धान. दोन डिनर नाइट मी पुडिंगच्या दीड चमच्यावर काढल्या. तिसऱ्या वेळी एका लेफ्टनंटनं शहाणपण शिकवलं: संध्याकाळी सहाला लंगरमध्ये जायचं, जवानांबरोबर डाळ आणि चार जाड रोट्या हाणायच्या, मग मेस किट चढवायचं. पुढे वर्षभर मी टेबलावर इतक्या रुबाबात, इतकं कमी खायचो की एका ब्रिगेडियरच्या पत्नी म्हणाल्या, या मुलाचे टेबल मॅनर्स बघा!

जेवणाअखेरचा टोस्ट, म्हणजे राष्ट्रपतींच्या नावानं प्याला उंचावणं, होईपर्यंत टेबल सोडता येत नाही, हे आणखी एक संकट. पोर्ट वाइनची सुरई डावीकडे सरकत जाते, टोकाला बसवलेला कनिष्ठ अधिकारी, ज्याला मिस्टर व्हाइस म्हणतात, उठून 'लेडीज अँड जंटलमन, द प्रेसिडेंट ऑफ इंडिया' म्हणतो, सगळे उभे, बँडवर राष्ट्रगीत. ब्रिटिश नौदलात हा टोस्ट बसून घेतात म्हणे. ज्यानं तो नियम केला त्याची मूत्राशयाची काही तक्रार असावी, असं मला मिस्टर व्हाइस म्हणून उभं राहताना प्रत्येक वेळी वाटायचं.

आणि आमच्या आईचा किस्सा. लग्नानंतर आम्हाला क्वार्टर मिळालं, आई राहायला आली होती. नव्या जोडप्याकडे बाकीचे अधिकारी सपत्नीक भेटायला येतात. ही भेट वीस मिनिटांची. ना कमी, ना जास्त. एक कॅप्टन आणि त्याची बायको आले, सरबत घेतलं, हवापाण्याचं बोलले आणि विसाव्या मिनिटाला उठले. आई आत पोह्यांना फोडणी देत होती. बाहेर आली तर खोली रिकामी! तिचा चेहरा उतरला. 'काय चुकलं रे आपलं? न खाता गेले.' मी समजावतोय तोवर ती दोन प्लेटा घेऊन अंगणात, फाटकाबाहेर, आणि पुढे रस्त्यावर. त्या दोघांनी रस्त्यात उभं राहून पोहे खाल्ले. जवळून सुभेदार मेजर साहेब सायकलवरून चालले होते, त्यांनी उतरून सॅल्यूट ठोकला; कॅप्टनच्या उजव्या हातात चमचा. दुसऱ्या दिवशी सीओ आले. बरोबर वीस मिनिटांनी घड्याळ बघितलं, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, 'आता पोहे.'

आता सीआरचं. तुमच्याकडे आणि आमच्याकडे शब्द तोच, पण चाल वेगळी. पलटणीतल्या अधिकाऱ्याचा अहवाल सीओ लिहितो, त्यावर ब्रिगेड कमांडर लिहितो, त्यावर डिव्हिजनचा जनरल. गुण नऊपैकी. कागदावर आठ म्हणजे सरासरीच्या वर. प्रत्यक्षात आठ म्हणजे 'बरा आहे बिचारा' आणि सात म्हणजे श्रद्धांजली. गुणांखाली चार ओळींचं शब्दचित्र असतं, त्याला आम्ही पेन पिक्चर म्हणतो. सीओनं लिहिलेला भाग त्या अधिकाऱ्याला दाखवून सही घेतात. वरच्या दोघांनी काय लिहिलं ते त्याला दिसत नाही. २००८ साली देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे असं ठरवलं. सीमा रस्त्यांवरचा इंजिनिअर तो, एका वर्षी 'व्हेरी गुड'च्या जागी 'गुड' पडलं म्हणून बढती अडकली होती. तुम्ही पाटबंधाऱ्यातल्या लोकांनी तेव्हा पेढे वाटले असतील. पण त्याच निकालात लिहिलंय, हे लष्करी अधिकाऱ्यांना लागू नाही.

पेन पिक्चरची एक वेगळीच भाषा असते. 'पोशाख टापटीप' असं पहिल्याच ओळीत आलं की समजायचं, लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. 'उत्साही' म्हणजे आवाज फार. 'कुटुंबवत्सल' म्हणजे एक वाजता घरी. मेसमध्ये रात्री अशी वाक्यं एकमेकांना ऐकवायचो, खरी किती आणि रमची किती ते विचारू नकोस. 'या अधिकाऱ्याला नकाशा उत्तम वाचता येतो. नकाशातली जागा सापडत नाही.' 'घोड्यावर व्यवस्थित बसतो. पुढचे निर्णय घोडा घेतो.' 'याच्या हाताखालचे जवान फार लवकर स्वावलंबी होतात.' 'वर्षभरात दोनच चुका केल्या. दुसरी, पहिली दुरुस्त करताना.' आपल्या कट्ट्यावर मी या सांगायचो तेव्हा तू पोट धरून हसायचास. मलाही त्या वाक्यांचा नाद होता. सीओ झाल्यावर कधीतरी आपणही असं एखादं लिहू, ही हौस मनात होतीच.

१९९८ साली ती फिटली. माझ्या हाताखाली एक मेजर होता, त्याचं नाव लिहीत नाही. माण तालुक्यातला, बोलायला कुऱ्हाड. दारूगोळ्याचा हिशेब चुकला, गाडी दरीकडेला अडकली, कुणाला ताप भरला, सगळ्यात आधी तोच सांगणार, आणि मी टोपी काढायच्या आत. मला तो फार आवडायचा. त्या वर्षी एका जेवणात आमचे ब्रिगेड कमांडर, ब्रिगेडियर साहेब, जुन्या युद्धसरावाची गोष्ट रंगवून सांगत होते. बायका ऐकत होत्या. हा मधेच म्हणाला, 'सर, ते तसं नव्हतं झालं. मी तिथे होतो.' टेबलावर चमच्यांचा आवाजसुद्धा थांबला. ब्रिगेडियर साहेब हसले आणि म्हणाले, 'असेल, असेल.'

महिन्याभरानं मी त्याचा सीआर लिहिला. गुण भरपूर दिले. आणि पेन पिक्चरच्या शेवटी माझं वाक्य, इंग्रजीत अर्थात: वाईट बातमी हा अधिकारी वरिष्ठ खुर्चीवर बसण्याआधी देतो, लढाईत असाच माणूस जवळ हवा. मला ते इतकं आवडलं की हिला फोनवर वाचून दाखवलं.

त्याला बोलावलं, वाचायला दिलं. त्यानं वाचलं, हसला. 'सर, वाक्य झकास आहे.' सही करायला पेन काढलं आणि मग थांबला. 'सर, एक सांगू? दुसरा अर्धा भाग आधी घेता येईल का?'

म्हटलं, 'का?'

'आधीचा अर्धा भाग वाचून काही लोक थांबतील.'

मी म्हटलं, 'अरे, मग त्यातली गंमत जाईल.'

'यस सर,' म्हणाला आणि सही केली.

ब्रिगेडियर साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या रात्री ते मला बाजूला घेऊन म्हणाले, 'तुझ्या त्या मेजरवरचं वाक्य फार छान होतं. मला वेगळं काही लिहावंच लागलं नाही.' मी थँक यू सर म्हणालो. दत्ता, मी थँक यू म्हणालो रे! अर्थ घरी जाताना जीपमध्ये लागला.

तेव्हा मेजरचा लेफ्टनंट कर्नल व्हायला निवड मंडळातून जावं लागायचं. डिसेंबर २००४ पासून ती पायरी सेवेच्या वर्षांवर मिळू लागली, त्याआधी नाही. तीनदा नाव जातं. त्याचं तिन्ही वेळा गेलं आणि तिन्ही वेळा परत आलं. माझ्या वाक्यामुळेच की आणखी कशामुळे, हे मला कधीच कळणार नाही, ते कागद मला दिसत नाहीत. तो मुदतीआधी बाहेर पडला, गावी डाळिंब लावलं. दर दिवाळीला फोन करतो. दोन वर्षांपूर्वी मी एकदाचं बोललो, त्या वाक्याचं. तो म्हणाला, 'सर, बाग दाखवायची आहे, या. पण आत्ता येऊ नका, डाळिंबावर तेल्या रोग पडलाय.'

म्हणून म्हणतो, तुझ्या होणाऱ्या जावयाचं पेन पिक्चर मला मागू नकोस. मी त्याला एकदा घरी बोलावलं होतं, चार वाजता. जे दिसलं ते देतो, चार ओळींत कोंबायचं काम तू कर. तीन पंचावन्नला बेल वाजली. बूट बाहेर काढले. काढू नकोस म्हटलं तरी काढले. हिला वाकून नमस्कार केला आणि मी 'बस' म्हणायच्या आत म्हणाला, 'सर, तुमच्या गाडीचं मागचं उजवं चाक पार बसलंय. स्टेपनी कुठे आहे?' दोघं खाली गेलो. जॅक त्यानं लावला, नट मी धरून उभा राहिलो. वर येऊन हात धुतले. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. हिनं पोहे केले होते. दोन प्लेटा खाल्ल्या, तिसरीला नको म्हणाला, ते खोटं होतं असं हिचं मत.

मुक्ताला सांग, मेसमधल्या स्वागताच्या जेवणाला, पहिल्या डायनिंग-इनला, आजीची पैठणी नेसली तर उत्तम. आणि निघण्याआधी घरी पोटभर जेवायला लाव. साखरपुड्याची तारीख कळव, आम्ही आदल्या दिवशी येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू