अनंताच्या फुलामागचा काळोख : एक जाहीर आभारपत्र

गिरगाव, मुंबई

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापू नये, असे आपण मला बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. परंतु लागोपाठ चार रविवार आपण भायखळ्याहून गिरगावात आलात, आमच्या चाळीचे तीन जिने चढलात आणि मला फ्लॅश वापरायला शिकवलेत, त्याबद्दलची कृतज्ञता मनातच ठेवणे मला जमत नाही.

आपली पहिली भेट राणीच्या बागेत, कैलासपतीच्या झाडापाशी झाली. त्याची फुले थेट खोडावर येतात, त्यामुळे मी समोरून फ्लॅश टाकून काढलेल्या प्रत्येक फोटोत फुलाइतकेच खोडही उजळून निघत होते, आणि भाच्याने फुलामागे कसेबसे धरलेले काळे कापड राखाडी, सुरकुतलेले दिसत होते. आपण थोडा वेळ पाहिलेत आणि म्हणालात, "कापडावरही तोच उजेड पडतो आहे, मग ते काळे कसे दिसेल? बाजूने उभ्या राहा, फुलामागे मोकळी जागा येऊ द्या." मी चार पावले सरकले, खोडाच्या जागी बागेची लांबवरची सावली आली, आणि त्याच फ्लॅशने त्याच फुलाच्या मागे पहिल्यांदा खरा काळोख उमटला.

हा काळोख मला कशासाठी हवा होता, ते मी आपल्याला तिथेच सांगितले. आईची दृष्टी अधू झाल्यापासून फिक्या रंगावरचा फिका रंग तिला वेगळा ओळखता येत नाही, आणि तिनेच कुंडीत लावलेल्या अनंताची पांढरी फुले गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीसमोर तिला दिसेनाशी झाली होती. फुलाचा वास येतो पण फूल दिसत नाही, असे ती म्हणाली होती. हे ऐकून आपण काहीच न बोलता पत्ता विचारलात.

पहिल्या रविवारी आपण फ्लॅश पिशवीतून बाहेरही काढू दिला नाहीत. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १००, शटर उघडे राहण्याचा वेळ १/२०० सेकंद आणि भिंगाचे छिद्र लहान, एफ/११, ठेवून भर दुपारी गॅलरीतल्या सावलीत फोटो काढायला लावलात. चौकट जवळजवळ पूर्ण काळी आली तेव्हा मी ओशाळले, आणि आपण म्हणालात की निम्मे काम झाले, कारण आता या चौकटीत जे दिसेल ते केवळ फ्लॅशच्या उजेडाने दिसेल. मागची बाजू काळी करण्याची सुरुवात दिवसाचा उजेड कॅमेऱ्यातून वगळण्यापासून होते, हे कोणत्याही पुस्तकाने मला इतक्या स्पष्टपणे सांगितले नसते.

मग आपण कुंडीची जागा बदललीत. आमची गॅलरी अरुंद पण लांब. मी भिंतीकडे तोंड करून फोटो काढत असे, आपण मला गॅलरीच्या लांबीच्या दिशेने बसवलेत. आईच्या शिवणाच्या डब्यातील टेप घेऊन फुलापासून फ्लॅश १ फुटावर धरलात आणि शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे फ्लॅशपासून ४ फुटांवर येतील असे पाहिलेत. अंतर चौपट झाले की उजेड चौथ्या हिश्शावर येत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो, हे सूत्र शाळेत पाठ केले होते; त्या दोरीवरचा पांढरा सदरा फोटोतून नाहीसा झाला तेव्हा ते कळले. शिवाय फ्लॅश भिंतीच्या बाजूला ठेवून त्याचे तोंड कठड्याकडे वळवलेत, म्हणजे फुलावरून पुढे गेलेला उजेड कशावरही न पडता रस्त्यावरच्या मोकळ्या हवेत निघून जाई. या एका गोष्टीचे मला सर्वांत अधिक अप्रूप वाटते.

दुसऱ्या रविवारी मी हट्टाने शटर १/५०० केले आणि फ्लॅशला पेटण्याचा इशारा देणाऱ्या साध्या ट्रिगरवर काढलेल्या फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा आला. शटरचे दोन पडदे असतात आणि एका मर्यादेपलीकडे पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा मिटू लागतो, हे आपण दारावरच्या पडद्यांनी दाखवलेत. माझ्या कॅमेऱ्यात ती मर्यादा १/२०० आहे. वाऱ्याने फूल हलते याची काळजी करू नका, असेही आपण सांगितलेत, कारण कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लखलखतो. अमेरिकी अभियंते व छायाचित्रकार हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ साली फोटोत टिपलेला, थेंब पडताच उसळलेल्या दुधाचा मुकुट अशाच क्षणिक उजेडाचा आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पांढऱ्या रंगावर. उघड्या फ्लॅशने अनंताच्या पाकळ्या कागदासारख्या सपाट येत होत्या. आपण लाकडी चौकटीला बटर पेपर लावून तो फ्लॅश व फूल यांच्या मधे धरलात, उजेड फुलाकडे परतवण्यासाठी समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा ठेवलात, आणि पाकळ्यांची वळणे एकेक करून दिसू लागली. संगणकावर मागची बाजू काळी रंगवता येते, हे मला ठाऊक आहे. पण तशा फोटोत पाकळीची कड कातरल्यासारखी दिसते, आणि मला ती जशी उजेडातून अंधारात वळते तशीच हवी होती.

१६ बाय २० इंची फोटो छापून आणला, तेव्हा आईने तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग एका पाकळीवर बोट ठेवून म्हणाली, "ही कड पिवळी पडू लागली आहे. हे फूल दुसऱ्या दिवसाचे." ते खरोखरच दुसऱ्या दिवसाचे होते.

तो फोटो आता तिच्या पलंगासमोर आहे. दुसरी प्रत आपल्यासाठी काढून ठेवली आहे. पाऊस उघडला की ती घेऊन मी भायखळ्याला येईन, आणि आईही सोबत येणार म्हणते आहे.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरची आपली विद्यार्थिनी