लसीचा ताप आधीच सांगा

संपादक महोदय,

पुण्यात तयार झालेली लस जगभर जाते. राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ पासून याच शहरात आहे. तरीही इथल्या शिकल्यासवरल्या घरांत ‘गोवराची लस एवढ्यात नको, बाळ जरा मोठं होऊ दे’ हे वारंवार कानावर येते. माझी सारी नोकरी लसीकरणात गेली, त्यामुळे ते ऐकून जीव तुटतो.

गोवर म्हणजे नुसते पुरळ नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, कुपोषित मुलांचे डोळेही जातात. तो इतका झपाट्याने पसरतो की रोखायचा तर शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी तान्ह्या बाळाचा मोठा आधार म्हणजे आजूबाजूच्या मुलांनी घेतलेली लस.

पालकांपर्यंत हे पोचत नाही, पोचते ती या लसीने ऑटिझम (स्वमग्नता) होतो ही भीती. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवर आधारलेला एक लेख आला, त्यातून ती पसरली. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला. मोबाइलवर मात्र तो दावा अजून फिरतोच आहे.

म्हणून या पालकांना अडाणी ठरवून झिडकारावे, हे मला मान्य नाही. निदान पुण्याला तरी ते कळायला हवे. १८९७ च्या प्लेगात इंग्रज अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर इथल्या घराघरांत घुसले, रुग्णांना उचलून नेले. हेतू रोग आटोक्यात आणण्याचा होता, पण लोकांच्या मनात बसली ती धास्ती. त्याच वर्षी १० जानेवारीला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लोकांचा विश्वास हवा असेल तर वाट हाफकिन यांची धरावी लागेल, रँडची नव्हे.

अलीकडचेच पाहा. कोविशील्डसारख्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे २०२१ मध्येच जाहीर झाले होते. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या खटल्यामुळे ते पुन्हा गाजले, तेव्हा अनेकांना वाटले की आपल्यापासून लपवले. वेळीच, मराठीत, घरोघरी सांगितले असते तर?

लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख आणि कार्ड जपून ठेवणे. गर्दीत बहुतेकदा तारीखच तेवढी सांगितली जाते. मग पेंटाव्हॅलंटनंतर (पाच रोगांवरची एकत्रित लस) बाळ रात्री तापते, मांडी सुजते आणि घाबरलेल्या आईला ग्रुपवरचा सल्ला खरा वाटतो. ताप येईल, एक-दोन दिवसांत उतरेल, क्वचित तीव्र रिअॅक्शन येते म्हणूनच अर्धा तास थांबवतो, एवढे आधी सांगितले तर ती पुढच्या डोसला येते.

कुपीही दाखवावी. तिच्यावर गोलात एक चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो. गोलापेक्षा फिकट असेल तोवरच लस वापरायची. हे पाहिलेली आई ‘लस खराब असेल’ ही शंका घेऊन घरी जात नाही.

महापालिकेने प्रत्येक लसीकरण केंद्रात या चौकोनाचे मोठे चित्र लावावे आणि ताप आल्यास रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर प्रत्येक बाळाच्या कार्डावर लिहून द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, पुणे