मासिक नको, दिवाळी अंक काढा

नमस्कार संपादक साहेब,

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत बोर्डगेम आणि रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या मुलांवर लेख आला होता, त्यात शेवटी विचारलं होतं की या पोरांचं स्वतःचं छापील मासिक का असू नये. वाचून हसू आलं, कारण हाच प्रश्न घेऊन माझ्या मुलाचे मित्र महिन्याभरापूर्वी माझ्याकडे आले होते, काका तुम्ही प्रेसमध्ये होतात ना, सांगा ना किती खर्च येईल. लोअर परळला एका ऑफसेट प्रेसमध्ये माझी २६ वर्षं गेली, आणि गेलं वर्षभर आमच्या लालबागच्या घरात दर रविवारी हीच पोरं वीस बाजूंचा फासा टाकून आरडाओरडा करतायत (आता मी पण खेळतो, खेळातलं माझं पात्र एक बुटका लोहार आहे, जरा चिडका आहे), तेव्हा दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं म्हणून लिहितोय.

हिशेब तसा सोपा आहे. ६४ पानं म्हणजे १६ पानांचे चार फर्मे आणि वर कव्हर, त्याच्या प्लेटा काढा, मशीन लावा, रंग जुळेपर्यंत कागद फुकट घालवा, आणि हे सगळं दोनशे प्रतींसाठी करा नाहीतर दोन हजारांसाठी, खर्च तेवढाच होतो. डिजिटल मशीनवर दोनशे निघतात पण तिथे दोनशेवी प्रत पहिलीएवढीच महाग पडते. पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून. वर स्टॉलवाल्याचं कमिशन, न खपलेले गठ्ठे परत घरी, आणि पोस्टाने पाठवू म्हणाल तर पुस्तकं स्वस्तात जायची ते रजिस्टर्ड बुकपोस्ट २०२४च्या डिसेंबरात बंदच झालं.

पण खरा घोळ छपाईत नाहीच, तो आमच्या टेबलावर आहे, आणि तो मला खेळायला लागल्यावरच कळला. आम्ही पाच जण बसतो, त्यातला एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर, तो गोष्ट चालवतो, बाकी चौघं त्यातली पात्रं. आता मासिकात मोहीम, म्हणजे खेळायची गोष्ट छापली, कुठल्या खोलीत काय दडलंय, राजाचा दिवाण आतून कुणाला फितूर आहे वगैरे, तर ती वाचणार कोण? फक्त डीएम! बाकीच्यांनी वाचली तर मजाच गेली. म्हणजे पाच खेळाडू दिसले तरी गिऱ्हाईक एकच, आणि तो पण बऱ्याचदा पीडीएफ घेतो, ती मग ग्रुपवर फॉरवर्ड होते. क्रिकेटच्या मासिकाला अशी अडचण कधी आली नसेल.

आणि अशा मासिकांचा प्रयोग तिकडे अमेरिकेत झालाय. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा असाच डीएमवाला खेळ १९७४ला आला, दोन वर्षांनी ड्रॅगन मासिक निघालं, १९८६ला नुसत्या मोहिमा छापणारं डंजन आलं. शेवटची काही वर्षं ही दोन्ही पायझो नावाची कंपनी परवाना घेऊन काढायची. २००७ला गेमच्या मालक कंपनीने परवाना परत घेतला, आता सगळं ऑनलाइन म्हणाले, ड्रॅगन ३५९व्या अंकाला थांबलं आणि डंजन १५०व्या. लोक म्हणतात इंटरनेटने मासिकं मारली, पण ऑनलाइन नेलेली ती दोन्ही पण २०१३च्या डिसेंबरात थांबलीच की! मला त्यातली बघण्यासारखी गोष्ट वेगळीच वाटते. मासिकं हातातून गेल्यावर पायझोने त्याच वर्षी दर महिन्याला ९६ पानांचं पुस्तक काढायला घेतलं, त्यात सलग चालणारी मोहीम, आणि घेणारे वर्गणीदार. म्हणजे मासिकातलं बाकीचं बरंच गाळलं आणि डीएम जे कपाटात जपून ठेवतो त्यावरच भर दिला. इंग्लंडचं व्हाइट ड्वार्फ १९७७पासून अजून निघतंय खरं, पण ते आता स्वतःच्याच कंपनीच्या, खेळात मांडायच्या छोट्या सैनिकांच्या मूर्तींबद्दल असतं, दुकान चालतंय म्हणून मासिक चालतंय. आमच्या पोरांकडे दुकान कुठून येणार.

मग छापूच नये का? छापावं, पण वर्षातून एकदा. आपल्याकडे हे १९०९पासून चालू आहे, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून. मराठी माणूस वर्षभर मासिकाला हात लावणार नाही पण दिवाळीत अंक घेतो, आणि सराफ, बँका, मिठाईवाले एरवी ज्याला दारात उभं करणार नाहीत त्याला जाहिरात देतात. आणि दिवाळीत काय असतं, चाळीत किल्ला! आमच्या मजल्यावर पोरं अजून माती आणून किल्ला करतात, त्यावर मावळे लावतात. त्याच किल्ल्यावर मोहीम लिहा ना, बुरूज कुठे, चोरवाट कुठे, रात्री पहाऱ्यावर कोण, फासे घेऊन किल्ल्याशेजारीच खेळायला बसा. ड्रॅगन आणि गॉब्लिन कशाला हवेत, वेताळ आहे, हडळ आहे, मुंजा आहे.

एक प्रेसवाल्याचा सल्ला, चिकटवलेलं बाइंडिंग अजिबात नको, सेंटर पिनच मारा, म्हणजे मधल्या घडीवर पिना. गम बाइंडिंगचा अंक टेबलावर उघडा राहत नाही, वर चहाचा कप ठेवावा लागतो आणि मग व्हायचं तेच होतं. सेंटर पिनचा सपाट पडतो, शिवाय मधलं जोडपान पिना सोडून काढलं की तोच नकाशा. मोबाइलवर नकाशा बघताना ऐन लढाईत आमच्या डीएमला ऑफिसचा फोन येतो, तिथे कागदच बरा.

पैसे मात्र आधी गोळा करायचे. किकस्टार्टर या लोकांकडून आधी पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर २०१९च्या फेब्रुवारीत झीन क्वेस्ट सुरू झालं त्यात हेच होतं, एका रंगात छापलेली, घडी घालून स्टेपल मारलेली छोटी पुस्तकं, आधी ऑर्डर मग छपाई. आम्ही त्यासाठी वही केलीय. शंभर नावं झाली की डिजिटलवर ३२ पानं काळ्या शाईत काढायची, मासिकाचं नाव काढायचं नाही असं पोरांना सांगून टाकलंय, जरा नाराज आहेत. सध्या ३१ नावं आहेत, त्यातली चार आमच्याच टेबलावरची, आणि त्या चौघांच्या अंकात मोहिमेची पानं मी कडेने स्टेपल मारून बंद करून द्यायची असं ठरलंय.

आपला,
एक जुना वाचक, लालबाग, मुंबई